अर्धा घोडा

प्रिय ठमे,

पत्र पाहून दचकू नकोस, आम्ही दोघंही ठणठणीत आहोत. दवाखाना बंद केला. चाळीस वर्षं लोकांचे दात पाहिले, आता पुरे. माझी इराणी भांडी मात्र जोरात आहेत. संग्रहालयानं त्यांना आख्खं दालन दिलंय. कपाटं मीच उभं राहून लावून घेतली. प्रत्येक भांड्याखाली छोटा आरसा ठेवलाय, म्हणजे बूडही दिसतं. बूड पाहिल्याशिवाय भांड्यावर विश्वास ठेवू नये, असं मी येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवते आणि तुझे बाबा दर वेळी खोकतात.

का खोकतात, ते तुला ठाऊक आहे. सहा वर्षांपूर्वी फुटकी भांडी जोडायचं शिक्षण संपवून तू घरी आलीस आणि भर जेवणात, पाहुण्यांसमोर, माझा घोडेस्वाराचा फिरोजी वाडगा नखानं वाजवून पाहिलास. म्हणालीस, हे दोन वाडग्यांचे तुकडे आहेत, मध्ये प्लास्टर, वर नवा रंग. आठशे वर्षांचा अखंड वाडगा म्हणून मी तो मिरवत होते! जन्मभर दातांत सिमेंट भरणाऱ्या बाईला वाडग्यातलं सिमेंट ओळखू आलं नाही, हे मला झोंबलं. चार बुकं शिकून आईला शिकवायला आलीस, असं बोलले. आणखीही बरंच बोलले. सकाळच्या गाडीनं तू गेलीस ती गेलीसच.

मागच्या महिन्यात दालनासाठी तो वाडगा पुसायला घेतला. तुला खोटं पाडावं म्हणूनच, कबूल करते, रंग काढायच्या द्रावात कापूस बुडवला. बोळा निळा झाला. मग थांबले नाही. कोरायला घेतलेला दात मी कधी अर्ध्यावर सोडला नाही. संध्याकाळपर्यंत घोड्याचं मागचं अंग नाहीसं झालं. उरला पुढचा अर्धा घोडा, त्यावर ऐटीत बसलेला स्वार, मग पांढरं प्लास्टर आणि पलीकडे दुसऱ्याच वाडग्यावरचा ससा. बाबा म्हणाले, घरीच राहू दे. का म्हणून? दालनाच्या मधोमध ठेवलाय, प्लास्टरसकट. इतका देखणा तो कधीच नव्हता.

त्याच्या पाटीला चाळीस शब्दांची मर्यादा आहे. दोन वाडगे, कुणाची तरी जुनी लबाडी आणि ती ओळखणारी म्हणून तुझं पूर्ण नाव, एवढ्यात ते संपले. तू बरोबर होतीस, मी चारचौघांत तुझा पाणउतारा केला आणि सहा वर्षं ताठ्यात गप्प बसले, हे त्यात मावेना, म्हणून हे पत्र. माफ कर मला. रविवारी दालन उघडतंय, फीत तू कापायचीस. नाही आलीस, तर सोमवारी मी तुझ्या दारात उभी असेन. तिकीट काढून ठेवलंय.

तुझीच,
हट्टी आई