गोड बोलणारी सून

टोकरखाडा, सिल्वासा
१७ जानेवारी २०२५

ती. अलकाताईंना चंदाचा वाकून नमस्कार.

तुमचा तिळगूळ पोचला, वड्या खुसखुशीत झाल्यात. गोड बोलण्याचं म्हणाल, तर आमच्याकडे त्याचाच घोटाळा झालाय. फोन केला असता, पण आमच्या एका खोलीत आईंना सगळं ऐकू जातं आणि तुमच्याकडे फोन स्पीकरवर असतो. म्हणून पत्र. यांच्या कंपनीतला निलेश उद्या साक्रीला निघालाय, त्याच्या हाती देते.

महिनाअखेरीस तुम्ही जीप घेऊन आईंना न्यायला येणार, त्याचं मी नक्की कळवलं नाही. ते लिहितेच. आधी इकडची हकिकत ऐका.

लकव्यानंतर आईंना डाव्या हाताच्या व्यायामासाठी दवाखान्याच्या हॉलमध्ये नेतो, तिथे पुण्याच्या अदिती मॅडम आल्यात. त्या संशोधन करतात. हाताला पट्टा बांधायचा, समोर टीव्हीवर आंब्याचं झाड दिसतं. आपण हात उचलला की टीव्हीतला हात उचलतो आणि कैरी टोपलीत पडते. सोबत मशीन बोलत राहतं. कोणाच्या आवाजाने पेशंट जास्त जोर लावतो, हे मॅडमना शोधायचंय.

पहिल्या दिवशी बाप्याचा आवाज लागला, "बहुत सरस, दादीजी! और ऊपर!" आईंनी उजव्या हाताने पदर डोक्यावर ओढला आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या. परक्या माणसासमोर कैऱ्या तोडणार नाही म्हणाल्या.

मग मॅडम म्हणाल्या, घरचा आवाज घेऊ. तुमच्या भावाला बसवलं. समाधानराव माइकसमोर नुसते खाकरत राहिले. शेवटी माझ्यावर आलं. मी अगदी जीव लावून बोलले, "आई, हात वर करा हं. छान! अजून थोडासा. शाब्बास, माझी गुणाची आई!"

ते मशीनमधून वाजलं तेव्हा आईंनी मशीनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि मॅडमना म्हणाल्या, "हाई मनी वहू नही."

मॅडम म्हणाल्या, "आजी, चंदाताईंचाच आवाज आहे."

"माझी सून असं बोलत नाही. ही कोणी दुसरी बसवलीय तुम्ही. तिला घरी पाठवा."

सगळा हॉल हसला. मला मात्र इतका राग आला की सांगता सोय नाही. नऊ तास कंपनीत उभं राहून आलेली मी, आणि गोड बोलले तरी चूक! मी तिथेच सुरू झाले, "मग कसं बोलू? तो हात काय देवळातली मूर्ती आहे, मांडीवर ठेवून पूजा करायला? सकाळपासून खाताय न् बसताय! उचला तो!"

ताई, त्यांनी उचलला. मला मारायलाच उचलला. डावा हात! मांडीवरून सुटून पार छातीपर्यंत आला, थरथरत. टीव्हीत धपाधप कैऱ्या पडल्या. आईंना आधी कळलंच नाही. मग स्वतःच्या हाताकडे बघत बसल्या आणि म्हणाल्या, "हा कधी आला वर?" मॅडम रडायला लागल्या, मी पण. आई तेवढ्या कोरड्या. म्हणाल्या, "रडता काय, तिची पाठ जवळ आणा."

आता मशीनमध्ये माझं भांडण भरलंय. संशोधनात याला काय नाव द्यायचं, यावर मॅडमचं डोकं फिरलंय. सगळ्यांना ते चालतही नाही. दुधनीच्या एका आजोबांना त्यांच्या बायकोचा रागातला आवाज लावला, तर ते झोपी गेले. घरचीच सवय म्हणे.

पण मला लिहायचंय ते वेगळंच आहे. येताना रिक्षात आई हळूच म्हणाल्या, "दवाखान्यातून आल्यापासून तू गोड बोलायला लागलीस, तेव्हाच मी समजले. डॉक्टरनं माझं काही खरं नाही असं सांगितलं असंल, म्हटलं."

ताई, डॉक्टरांनी तसं काहीच सांगितलं नव्हतं. मी घाबरून गोड बोलत होते, की उलट बोलले आणि पुन्हा काही झालं तर? आणि त्या, भाजीत मीठ दुप्पट पडलं तरी "चांगली झाली" म्हणायच्या. बारा वर्षांत कधी म्हणाल्या नाहीत! त्या "चांगली" म्हणाल्या की मी मोरीत जाऊन रडायचे. घरात दोन परक्या बायका राहतात असं वाटायचं. म्हणूनच दिवाळीनंतर मी तुम्हाला कंपनीतून फोनवर म्हटलं, आईंना घेऊन जा, मला झेपत नाही. काम झेपत होतं. ती शांतता झेपत नव्हती.

काल आईंनी माझी आमटी ताटाबाहेर सरकवली. म्हणाल्या, "यात डाळ पोहायला गेलीय का?" मी म्हटलं, "मग जीभ एवढी चालतेय तर उद्या तुम्हीच वाटण करा." शेजारची सोनी धावत आली, काय झालं म्हणून. काही नाही म्हटलं, आई बऱ्या होताहेत.

बोटं अजून उघडत नाहीत. मॅडम म्हणतात वेळ लागेल, पूर्ण उघडतील असा शब्द देत नाहीत. मी आईंना विचारलं, साक्रीला जायचं ना? तर म्हणाल्या, "अलका माझी लेक आहे, ती मला फुलासारखी जपंल. मग हात कशाला उचलू मी?"

तुम्हाला वाईट वाटेल, ठाऊक आहे. लेकीचा हक्क मी काढून घेत नाही. या, हवं तेवढं राहा, मला बोला. पण ताई, जीप रिकामीच परत न्या. आईंना मी देत नाही.

तुम्ही बोलाल ते ऐकून घेणारी, पण या एका बाबतीत न ऐकणारी,
तुमची भावजय
चंदा