फोटो काढणारा बुटका

नाना, ते फोटो काढताना कॅमेऱ्यामागं कोणी नव्हतं. एवढं एक वाक्य लिहायला मला चोवीस वर्षं लागली.

पहिले फोटो तुम्हाला दाखवले तो दिवस टाक्याटाक्यानं आठवतो. बोरीतला आपला ओटा, त्यावर तुमचं हातमशीन, तुम्ही मांडी घालून बसलेले, दातांत दोरा. मी तेव्हा सेलूच्या जिनिंगमध्ये कारकुनी करत होतो आणि जोडून दोन सुट्ट्या आल्या की पाठीला पिशवी लावून एकटा चालायला निघत होतो. पिशवी तुम्हीच शिवलेली, कापसाच्या गंजीवर टाकायच्या जुन्या ताडपत्रीची, पट्ट्यांना दुहेरी शिलाई. कॅमेरा जुना घेतलेला, बारा फोटोंच्या रोलचा. तो चालवायला मला कोणी शिकवलं नाही. सोबतचं इंग्रजी पुस्तक मी डिक्शनरी मांडीवर घेऊन ओळ ओळ लावलं. भिंगाशेजारी एक बारीक खटका असतो. तो खाली ओढून बटण दाबलं की गांधीलमाशीसारखी घुरघुर सुरू होते आणि दहा सेकंदांनी फोटो निघतो. तेवढ्यात पळत जाऊन समोर उभं राहायचं. जिंतूरहून चालत नेमगिरीच्या डोंगरावर गेलो, दगडावर दगड रचून कॅमेरा ठेवला आणि सात वेळा पळालो. दोन फोटो हलले, एकात नुसती पाठ आली, चार नीट आले. ते चार तुमच्यापुढं ठेवले.

तुम्ही एक उचलून उजेडाकडं धरलात. "कुणी काढला?"

"मीच."

"तू तर ह्यात हुबा हायस."

"एकटाच होतो, नाना. कॅमेरा आपोआप काढतो."

तुम्ही समोरच्या पानवाल्या मामांना हाक मारलीत, "ऐकलं का? आमचं पोरगं म्हणायलंय, फोटो आपोआप निघायलेत!"

"मंग लगीन बी आपोआपच करा म्हणावं त्याचं," मामा कात लावता लावता म्हणाले.

मग तुम्ही हसणं थांबवून फोटो पुन्हा बघितलात, गिऱ्हाइकाच्या अंगावरचा सदरा बघता तसा. "काढणारा बुटका हाय. तुझ्या कमरेला लागंल एवढा. प्यांटीचा घेर मोठा दिसायलाय अन् डोकं बारीक, म्हंजे खालून बघितलंय. अन् उगं खडकाकडं बघून कोणी असं हसतंय का? कोण हाय ते सांगायचं नसंल तर नको सांगू. पर खोटं बोलू नको."

कॅमेरा माझ्या खांद्यालाच होता. खटका ओढून दाखवायला दहा सेकंद लागले असते. मी दाखवला नाही. जी गोष्ट मी कुणाच्या मदतीशिवाय शिकलो, तिचा पुरावा घरात का म्हणून द्यायचा, असा ताठा. फोटो गोळा केले आणि आत जाऊन बसलो. तुमचं निरीक्षण अचूक होतं, हे मात्र तेव्हाही कळत होतं. कॅमेरा खरोखर कमरेच्या उंचीवर होता. मापात तुम्ही चुकला नव्हतात, चुकला होतात ते माणसात.

पुढच्या खेपेला येलदरी धरणाकडं निघायचं होतं. पहाटेची वेळ, आई चुलीपुढं बसलीय, मी बुटांच्या नाड्या बांधतोय. नेहमी दोन भाकरी असायच्या. आज तिनं चौथी तव्यावर टाकलीय, ठेच्याच्या पुड्याही दोन.

"एवढ्या कशाला?"

"तुज्या नानाला इचार. मला म्हणले, दोघांचं बांध. खाणारं तोंड दिसंना, पर भाकर कमी पडू नाही."

बाहेरून तुमचा आवाज, "असू दे गं. बुटक्या माणसाला भूक लय असती."

तेव्हापासून चार भाकरी. धरणाच्या कडेला बसून मी दोन माझ्या खाल्ल्या, दोन त्याच्या खाल्ल्या. तुम्ही कधी चौकशी केली नाहीत, फक्त त्याला मोजत राहिलात. चारठाणा गावात मला नसबंदीसाठी माणसं न्यायला आलेला समजून दोन घरांनी कवाडं लावली, हे सांगितलं तेव्हा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलात आणि लगेच विचारलंत, "अन् बुटक्याला काय समजले?" माझं गप्प बसणं तुम्ही लाजणं समजत होता. ती बाई असेल, जात वेगळी असेल, म्हणून पोरगं घरी आणत नाही, असा तुमचा हिशोब झाला असावा. आपण बुद्धवंदना म्हणणारी माणसं, आपल्या घरात कोण कुणाला अडवणार होतं? पण तुम्हीही विचारलं नाहीत, मीही सांगितलं नाही.

तुमच्या आजारपणात मी उशाशी बसलो होतो. तुम्ही छताकडं बघत म्हणालात, "एकदा घरी आणायचं व्हतंस रं त्याला. मी काय खाल्लं असतं का?"

मी म्हणालो, "आणतो."

तुम्ही माझ्या हातावर हात ठेवलात आणि निवांत डोळे मिटलेत. खरं बोललो तेव्हा तुम्ही मला खोटा ठरवलंत आणि उभ्या आयुष्यात तुमच्याशी जे एक खोटं बोललो, ते तुम्हाला लगेच पटलं. त्यानंतर तुम्ही दहा दिवस होता.

तुम्ही गेल्यावर मशीनच्या पेटीत चिंध्यांखाली दुसरी पिशवी सापडली. तीच ताडपत्री, तीच दुहेरी शिलाई. मी टेप लावला. पट्टे माझ्या पट्ट्यांपेक्षा सहा इंच आखूड. आई म्हणाली, "त्या बुटक्याची हाय. तुला द्यायला लाजत व्हते तुजे नाना."

ती पिशवी मी वापरली नाही, कुणाला दिलीही नाही. गेल्या आठवड्यात ते जुने फोटो काढून बसलो. मला अंदाजावर राहायला आवडत नाही, म्हणून जमिनीवर मांडी घातली, तुमच्यासारखी, आणि डोळ्यांची उंची मोजली. अडीच फुटाला थोडी कमी. नेमगिरीवरची दगडांची रास तेवढीच होती. तुम्ही मशीनपुढं बसायचा आणि मी ओट्यावर तुमच्यासमोर उभा असायचो. जन्मभर मला तुम्ही त्याच उंचीवरून बघितलंत.

आणि ते हसू, नाना. खडकाकडं बघून खरंच कोणी असं हसत नाही. खटका ओढून पळत जाऊन उभा राहिलो, घुरघुर सुरू झाली, की मी मनातल्या मनात ओट्यापाशी येऊन तुम्हाला फोटो दाखवत असे. तुम्ही काय म्हणाल, या विचारानं हसू यायचं.

हे पत्र त्या आखूड पट्ट्यांच्या पिशवीत ठेवतो. आणखी एक, येलदरीला त्याच्या वाटणीच्या दोन भाकरी मी फोटो निघेपर्यंत कॅमेऱ्याशेजारी तशाच ठेवल्या होत्या.