काचेतली पांढरी माती

आई, परवा रविवारी मी आणि तुझ्या सुनेनं मुलांना पुण्याला नेलं होतं, प्राण्यांचं आणि दगडांचं एक संग्रहालय आहे ते दाखवायला. थोरला पाचवीत आहे, धाकटी पहिलीत. तू दोघांनाही पाहिलं नाहीस. तू गेलीस तेव्हा माझं लग्नही झालेलं नव्हतं. मंचरच्या घरात तुझा फोटो लावला आहे. शाळेत जाताना मुलं त्याला नमस्कार करतात, आणि आजी म्हणजे त्यांच्या लेखी तेवढीच. तुझी सून म्हणते, "तुम्ही आईंचं कधी नावच काढत नाही. मुलांना कळायचं कसं?" तिचं खरं आहे. तुझ्याविषयी मुलांना सांगावं असं फार वाटतं, पण सुरुवात केली की मी दुसरंच काहीतरी बोलायला लागतो.

संग्रहालयात शिरल्याबरोबर पेंढा भरलेला बिबट्या होता. आजूबाजूची मुलं आईच्या मागे लपत होती. आपला थोरला म्हणाला, "हा अगदीच बारका आहे. आपल्याकडच्या उसातला केवढा होता." शेजारच्या बाईंनी विचारलं, "तुमच्याकडे खरंच येतो?" धाकटी म्हणाली, "येतो ना. शेजारच्यांचं कुत्रं नेलं." पाहुणा येऊन चहा पिऊन गेल्यासारखं तिनं ते सांगितलं. पुढे फुलपाखरं झाली, साप झाले, आणि दगडांच्या दालनात येईपर्यंत दोघंही कंटाळली. मी त्यांना बाहेर काढणार, तेवढ्यात एका काचेच्या पेटीतल्या चिठ्ठीवर आपल्या गावाचं नाव दिसलं. बोरी बुद्रुक, कुकडी नदीचा काठ. वर बशीत मूठभर पांढरट भुकटी. हजारो वर्षांपूर्वी समुद्रापलीकडे एक ज्वालामुखी फुटला, त्याची राख वाऱ्यानं इथवर आली, असं खाली लिहिलं होतं. मी दोनदा वाचलं. आई, ती आपली भांडी घासायची पांढरी माती होती.

मी लहान आहे. यात्रा जवळ आली की तू मला नदीवर नेतेस. दरडीतला तो पांढरा पट्टा तू खुरप्यानं खरवडतेस, मी पाटी धरतो. घरी आल्यावर जुन्या लुगड्याच्या फडक्यातून चाळायची. तू म्हणतेस, "घाई करू नगं. एक खडा ऱ्हायला तरी हंड्यावर वरखडा जातो." मग आपण दोघं दारात बसून हंडा, कळशी, ताटं घासतो. तुला मुलगी नव्हती, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. शेजारची काकू जाता जाता थांबते. "काय गं, पोराला नांदायला धाडायचंय का काय?" तू मान वर न करता म्हणतेस, "धाडीन की. सासू चांगली बघ म्हंजे झालं." काकू हसत जाते. मी लाजेनं लाल होतो, आणि तू माझ्याकडं चिंचेचा कोळ सरकवतेस. शेवटी हंड्यात तोंड दिसायला लागतं. आपण दोघं वाकून बघतो, तर तुझं कपाळ लांबट होतं नि माझे गाल फुगतात.

हे सगळं आठवत मी तिथं नुसता उभा होतो. धाकटीनं विचारलं, "पप्पा, काय आहे ते?" माझ्या तोंडून निघून गेलं, "तुझी आजी ह्यानं भांडी घासायची." तिनं दोन्ही तळवे काचेला लावले. तिथला रखवालदार आला. "बाळ, काचेला हात नाही लावायचा." ती म्हणाली, "आमच्या आजीची माती आहे ती." त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग चिठ्ठीकडे. "आजीची असली तरी काच सरकारची आहे," तो म्हणाला, पण तिथून हलला नाही. त्यालाही ऐकायचं होतं बहुतेक.

मग मी सांगितलं. नदी, फडकं, काकू, हंडा, सगळं. थोरल्याचा विश्वास बसेना. "ज्वालामुखीच्या राखेनं भांडी? तिला माहीत होतं?" मी म्हणालो, "कुणालाच माहीत नव्हतं. भांडी लख्ख निघायची, एवढंच माहीत होतं." धाकटीला मात्र वेगळंच हवं होतं. "आजी बोलायची कशी?" त्या शांत दालनात, इस्त्रीच्या शर्टात उभं राहून, मी कित्येक वर्षांत न बोललेलं बोललो, "पोरी, घाई करू नगं. एक खडा ऱ्हायला तरी वरखडा जातो." दोघं खिदळली. "अजून," म्हणाली. परत येताना मंचरलाच थांबायचं होतं, पण गाडी तशीच पुढे बोरीला काढली आणि त्यांना नदीवर नेलं. अंधार पडत आला होता, पट्टा काही दिसला नाही. तरी दोघं काठावर वाकून शोधत राहिली. तुझी सून गाडीतच बसून होती. मी मात्र बोलतच होतो.

हे कागदावर उतरवलं, आता कपाटात ठेवीन. एक गोष्ट मुलांना सांगितलेली नाही, ती तुला सांगतो. शब्द तुझे होते, पण आवाज मला आठवला नाही. खूप प्रयत्न केला. शेवटी माझाच आवाज थोडा बारीक केला. आता दोघं घरभर तसंच बोलत हिंडतात, आजी अशी बोलायची म्हणून, आणि मी त्यांना दुरुस्त करत नाही.