माझ्या फुप्फुसांची भरपगारी रजा

१४ जुलै
वापीहून घरी. बायपास झाली. ऑपरेशननंतर घशातली नळी बरेच दिवस काढलीच नव्हती. डॉक्टर म्हणतात, त्यामुळे फुप्फुसं सुस्तावलीत. मला नाही पटलं. इतके दिवस माझा श्वास मशीनने घेतला, म्हणजे फुप्फुसांना भरपगारी रजा. ताजीतवानी असणार.
संकल्प: नारळी पौर्णिमेनंतर पहिली बोट आली की चिंचणीच्या किनाऱ्यावर मासळीचा लिलाव मीच पुकारणार. पुकारणारा थांबला की त्या भावाला माल सुटला, असा आमचा नियम. मी आजवर भाव चढायच्या आत थांबलेलो नाही.

१६ जुलै, सकाळ
फुप्फुसांसाठी तीन गोळ्यांचं प्लास्टिकचं खेळणं दिलंय. जीव खाऊन फुंकलं. एकही गोळा हलेना. पीस डिफेक्टिव्ह.

संध्याकाळ
उलटं धरलं. तिन्ही गोळे दुसऱ्या टोकाला! प्रगती झपाट्याने.

२१ जुलै
डहाणूहून फिजिओवाल्या भाविनीबेन आल्या. म्हणाल्या, काका, फुंकायचं नाय, आत खेचायचं. मी म्हटलं, माहितीये, तुमची परीक्षा घेत होतो. खेचलं. एक गोळा थरथरला. बाकीचे लाजाळू दिसतात.

२ ऑगस्ट
व्यायाम राहिला. हवा दमट. उद्यापासून नक्की.

५ ऑगस्ट
घरात रंगीत तालीम. 'पापलेट' एवढं म्हणून खाटेवर बसलो. सरला म्हणाली, यंदा मी पुकारते, तुम्ही नुसते उभे राहा. बायकोलाच माझ्या नावाचा हेवा. काय करणार!

१३ ऑगस्ट
पहिली बोट आली. आमच्याच पोराची, सुदर्शनची. पापलेट काय सुंदर! झोकात सुरुवात केली. दुसऱ्याच आकड्याला दम लागला. थांबलो. फक्त श्वास घ्यायला हो! तेवढ्यात बोली लावणाऱ्या जमुनाने टोपली उचलली. म्हणाली, काका थांबले, माल माझा. पुढच्या टोपल्याही तशाच सुटल्या. पोराचं पापलेट बोंबलाच्या भावाने गेलं. पोरगा बोट धुवायला निघून गेला. भांडला असता तर बरं झालं असतं. फार वाईट वाटलं.
वाऱ्याची दिशा चुकीची होती.

१४ ऑगस्ट
आज लिलाव सरलाने पुकारला. बोटवाल्यांनी परस्पर ठरवलं. भाव चढे, म्हणे.
संध्याकाळी जमुना पाच-सहा जणींना घेऊन घरी. अगदी काकुळतीला आल्या होत्या. काका, उद्यापासून तुम्हीच पुकारा, तुमच्यासारखं कुणाला जमत नाय.
मी सरलाकडे ऐटीत बघितलं. ती म्हणाली, यांच्यात एक तरी बोटवाला आहे का बघा.
बघितलं. सगळ्या मासळी घेणाऱ्याच होत्या.