एकही खाडा नाही

शनि. २ सप्टेंबर १९७२
क्षयाच्या वॉर्डातल्या सोळा खाटांपैकी बारा आज उचलल्या. बाळंतिणींकडे गेल्या. डॉक्टरांचं म्हणणं, एक माणूस वर्षभर खाट अडवतो आणि बाहेर चाळीस खोकत बसतात. घरी राहून गोळ्या घेतल्या तरी तितकाच बरा होतो. असेल. ते शिकलेले. पण इथे मी समोर उभी राहून गोळी गिळायला लावते, तोंड उघडून दाखव म्हणते. घरी कोण उभं राहणार? बोलले तर म्हणाले, "सिस्टर, तुम्ही साऱ्या वॉर्डाच्या सासूबाई." आहेच मुळी.

हौसाही घरी गेली. बावीस वर्षांची, पाच महिने सात नंबरच्या खाटेवर. लेकीच्या ओढीने पाय जमिनीवर ठरत नव्हते. सासू बायजाबाई न्यायला आलेली. डॉक्टरांनी बजावलं: रोज एक गोळी. शिवाय हा रोग घरात एकाचा दुसऱ्याला होतो, सगळ्यांना जपा. बायजाबाई म्हणाली, "माज्यावर सोडा. लेकीवानी ठिवीन." बाई खरी वाटली. तरी रिकाम्या वॉर्डात जीव थाऱ्यावर नव्हता.

शनि. १६ सप्टें.
काष्टीचा बाजार. शाळेच्या ओट्यावर आमचं टेबल. पेशंटने स्वतः यायचं, कार्ड दाखवायचं, पंधरवड्याची पुडी न्यायची, असा नियम. बायजाबाई एकटीच आली. हौसा म्हणे दुष्काळी कामावर, खडी फोडायला! मी भडकले. "बरी हाय की आता. घमेली उचलती." पाऊस नाही, पिकं गेल्यातच जमा. पुडी दिली, कार्डावर खूण केली. नियम मोडला तो मी.

शनि. १४ ऑक्टो.
पुन्हा बायजाबाईच. एक खेप चुकवत नाही. आज म्हणते, "चार गोळ्या जास्ती द्या की शिस्टर, लेक बाळंतपनाला आलीया." हसायलाच आलं. बाळंतपणाचा आणि ह्या गोळ्यांचा काय संबंध! म्हटलं, तिला डिंकाचे लाडू कर. तीही हसली.

जिल्ह्याचे साहेब आले होते. डॉक्टरांनी हौसाचं कार्ड दाखवलं, एकही खाडा नाही. साहेब खूश. मग उरलेल्या चार खाटा तरी कशाला, म्हणाले. मलाही कार्ड बघून बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

शनि. ११ नोव्हें.
आज हौ. स्वतः आली. आधी ओळखलंच नाही. गळ्याची हाडं वर आलेली. खोकून पदर तोंडाला लावला, काढला तर लाल.
"गोळी घेतेस ना?"
"रोजच्या रोज. आत्याबाई सोता देत्यात."
खोटं बोलत नव्हती. इतक्या वर्षांत तेवढं कळतं. मग हे कसं? लेक कडेवर होती. तीही खोकली.

सोम. १३ नोव्हें.
एसटीने त्यांच्या वस्तीवर गेले. बायजाबाईने चहा केला. म्हटलं, गोळ्या दाखव. देव्हाऱ्यातून पुडी काढली. शेजारी अडकित्ता.

"सांजचा दिवा लागला की कातरून वाटिते. डाक्टरच म्हनलं न्हवं, येकाचं दुसऱ्याला हुतं, सम्द्यांना जपा? मंग येकलीलाच कशी देऊ? ल्योक, सून, नात, आता बाळंतीन लेक. सम्द्यांना सारखं. म्या कदी माजा वाटा मोठा घेतला न्हाई."

हौ.ला अख्खी गोळी हवी होती. मिळत होती चतकोर, नणंद आल्यापासून त्याहून कमी. भांडायला गेले होते, ते राहिलंच. सावकाश समजावलं. ऐकून बायजाबाई खालीच बसली. "म्हंजी म्याच…?"
म्हटलं, तू नाही. कार्डावरच्या खुणा माझ्या हाताच्या आहेत.

मंगळ. १४ नोव्हें.
खाट नाही. चारही भरलेल्या. डॉक्टरांना सगळं सांगितलं. म्हणाले, "अर्धवट औषधाने हे जंतू मरत नाहीत, सिस्टर. निबर होतात." हौ.ची थुंकी पुण्याला पाठवली. ह्या गोळ्या तिला अजून लागू पडतात की नाही, ते तिकडून कळेल. नाही पडल्या तर… प्रार्थनेला बसले, मन लागलं नाही.

शनि. २५ नोव्हें.
पुण्याहून काही नाही. बायजाबाई हौ.ला हाताला धरून घेऊन आली. माझ्यासमोर तिला अख्खी गोळी गिळायला लावली. "त्वांड उघड. दाव शिस्टरला." हौ. हसली, मग खोकतच राहिली.

मागे रांग होती. टेबलावर कार्डांची चळत, प्रत्येकावर माझ्याच खुणा, कितीतरींवर एकही खाडा नाही. पुढच्या म्हाताऱ्याने कार्ड पुढे केलं. खूण केली नाही. विचारलं, "बाबा, ह्या गोळ्या तुमच्या घरात कितीजण खातात?"
तो बोटांवर मोजायला लागला.