तुझ्या वाट्याची मूठ

ता. १२, रविवार दुपार

चि. धाकट्यास ताईचे आशीर्वाद.

मी ठीक, आई ठीक, स्वयंपाकघरातला नळ अजून गळतो. हे सगळं फोनवर सांगून झालंय, पण पत्राची सुरुवात दुसरी कशी करायची ते मला येत नाही. फोन वाजला की आई माझ्या शेजारी येऊन बसते. त्यामुळे तू तिच्याबद्दल काही विचारलंस की मी ‘बरं आहे’ म्हणते आणि हवापाण्यावर येते. म्हणून पत्र.

आधी शाळेचं सांगते. यंदा माझ्याकडे तिसरीचा वर्ग आहे. मोठ्या बाईंनी टूम काढली की प्रत्येक वर्गाने एक धान्य घ्यायचं, महिनाभर त्याच्याच मागे लागायचं आणि शेवटी पालकांना प्रदर्शन दाखवायचं. चौथीच्या बाईंनी चपळाईने मका पटकावला, कारण कणसं टेबलावर छान दिसतात. गहू दुसरीला गेला. माझ्या पदरी पडला तांदूळ. पांढरा, बारीक, भिंतीवर लावला तर दोन बाकांवरून दिसत नाही. मी मनातल्या मनात कपाळाला हात लावला.

पण पोरांनी मला खोटं पाडलं. जगातली निम्म्याहून जास्त माणसं भातावर जगतात, असं मी फळ्यावर लिहिलं, तर मागच्या बाकावरून आवाज आला, “बाई, म्हणजे आत्ता या मिनिटाला कुणीतरी भात खात असेल?” म्हटलं, असेलच. झालं, सगळ्या वर्गाला एकदमच भूक लागली. मधल्या सुट्टीला अजून बराच वेळ होता.

मग एका जुन्या चादरीवर आम्ही जगाचा नकाशा काढला. जिथे जिथे भात खातात तिथे डिंकाने तांदूळ चिकटवायचे. कुठे शेतात गुडघाभर पाणी तुंबवून पिकवतात, कुठे डोंगराला पायऱ्या कापून. कुठे काड्यांनी उचलायचा म्हणून भात चिकट लागतो, कुठे दाणा न् दाणा सुटा झाला नाही तर करणाऱ्याची अब्रू जाते. काही ठिकाणी माणसं भेटली की खुशालीऐवजी ‘भात खाल्लास का’ असं विचारतात, हे पोरांना फारच आवडलं. तेव्हापासून मी वर्गात पाऊल टाकलं की सगळे एका सुरात ओरडतात, “बाई, भात खाल्लात का?” मोठ्या बाई एकदा दारात येऊन बघून गेल्या.

आता यात तुझा संबंध. त्या नकाशाला लागलेले तांदूळ तुझे आहेत.

आई भात कशी लावते ते तुला आठवत असेलच. वाटी नाही, माप नाही. माणशी एक मूठ, आणि मूठ टाकताना तोंडाने म्हणायची, ही यांची, ही ताईची, ही धाकट्याची, ही माझी. बाबा गेले तेव्हा त्यांची मूठ तिने आपण होऊन थांबवली, कुणाला सांगावं लागलं नाही. तुझी मात्र तू देश सोडून गेलास तरी चुकली नाही. “अवचित आला तर? उपाशी बसवू त्याला?” अलीकडे ती तोंडाने म्हणत नाही, नुसते ओठ हलतात.

रोज भात उरायला लागला तेव्हा मी एक युक्ती काढली. तिची पाठ वळली की तांदूळ धुवायच्या आधी त्यातली एक मूठ उचलायची आणि फडताळातल्या बरणीत टाकायची. एक बरणी भरली की दुसरी. त्याच बरण्या मी शाळेत नेल्या. सध्या तू निरनिराळ्या खंडांवर डिंकाने चिकटलेला आहेस. इतका पसरलेला माणूस आपल्या घराण्यात दुसरा नाही.

पुढचा गृहपाठ मी असा दिला की घरी तांदूळ कोण मोजतं आणि कसं, ते बघून या. कुणाकडे कान तुटलेला कप निघाला, कुणाकडे पावडरच्या डब्याचं झाकण. पाणी बऱ्याच घरांत बोटाच्या पेरापर्यंत. एकाचे वडील चक्क वजनकाटा वापरतात, त्याला सगळे हसले. मी आमच्या मुठींचं सांगितलं. तेव्हा एक मुलगी उठली. हिला मी शंकासुर म्हणते, तिलाही ते नाव पसंत आहे.

“बाई, कुणाची मूठ घालायची राहून गेली तर?”

“तर बाकीच्यांनी आपल्यातला थोडा थोडा द्यायचा.”

“पण त्याला सांगायचं का, की तुझी राहिली म्हणून?”

“बस खाली,” मी म्हटलं.

आता ते लिहिते, ज्याच्याभोवती इतका वेळ फिरते आहे. शाळेतल्या या प्रश्नाच्या थोडे दिवस आधी एका संध्याकाळी मी सवयीने मूठ काढली, कुकर लावला आणि जेवायला बसलो तर भात एकाच माणसापुरता. म्हणजे आईने दोनच मुठी घातल्या होत्या. मी समजले, झालं, धाकट्याची मूठ बंद झाली.

मला वाईट वाटलं. आणि लपवत नाही, पाठोपाठ थोडं बरंही वाटलं. इतकी वर्षं तू तिकडे बसून रोज आमच्या पातेल्यात असायचास, आणि मी समोर उभी असून एका मुठीचीच धनीण. तुला मात्र हे सांगायचं मी टाळलं. तिचं विसरणं सुरू झालं तेव्हा तू म्हणाला होतास ना, “तिने मला ओळखलं नाही तर? ते बघायची माझ्यात हिंमत नाही.” या बातमीवर तू येण्याचं कायमचंच रद्द केलं असतंस.

पण शंकासुराचा प्रश्न काही डोक्यातून जाईना. त्या दिवशी घरी आल्यावर आई तांदूळ काढत होती, तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

“कुणाकुणाची घातलीस गं?”

“ही माझी. ही धाकट्याची.”

“आणि ताईची?”

ती हसली. “ताई इथे कुठे असते? शिकवायला लांब गेली ती. येईन येईन म्हणते नुसती.” मग माझ्याकडे जरा निरखून बघितलं. “तुम्ही डबा आणलाय ना, बाई? नसला तर सांगा हो, घालते एक मूठ. उपाशी नका जाऊ.”

मी म्हटलं, नाही आणला. तिने तिसरी मूठ घातली, आणि पाहुण्याची म्हणून जरा मोठीच घातली.

तेव्हापासून रोज संध्याकाळी मी तिला सांगते की आज डबा आणला नाही, आणि रोज ती घालते. कधी कधी म्हणते, “तुमच्या घरचे डबा का देत नाहीत हो?” डॉक्टर म्हणतात, याला नियम नाही. कोण आधी पुसलं जाईल ते सांगता येत नाही. रागवायचं तरी कुणावर? दिवसभर मी बाई असते, आता घरी आल्यावरही बाईच. दुखतं मात्र. रात्रीची भांडी आवरताना जास्त दुखतं.

तेव्हा तुझी सबब संपली. तुला ती ओळखते. तुझी मूठ रोज पडते आणि मीही आता ती काढत नाही, तशीच शिजू देते. उरला भात तर उरू दे. महिनाअखेरीला प्रदर्शन आहे, त्या सुमारास ये. नकाशा बघ. तू राहतोस त्या देशावर शंकासुराने इतका डिंक ओतलाय की तिथले तांदूळ काही केल्या निघायचे नाहीत.

आलास की एक काम कर. दारातच, चपला काढायच्या आधी, मला हाक मार. मोठ्याने, आतपर्यंत ऐकू जाईल अशी. लहानपणी गणित अडलं की मारायचास तशी. तुझ्या तोंडून ऐकलं तर तिला पटेलही. नाहीच पटलं, तर निदान मला तरी ऐकू येईल. या घरात मला ‘ताई’ म्हणून आता कुणी हाक मारत नाही.

तुझी,
ताई