जयाताई आणि गॅसवाले

प्रिय प्रबुद्ध,

तुझ्या मेलखालच्या ‘नाव काढा’वर बोट ठेवलं होतं, तेवढ्यात शेजारच्या टेबलावरची दीप्ती, भटकंतीला नुकतंच नाव नोंदवलेली, मोठ्याने वाचायला लागली. ‘प्रिय दीप्ती, रविवारी मनोरी. बूट घाल. पाणी घे, तहान लागली की तू बोलत नाहीस.’ मग हसून मला म्हणाली, अगं, कोण हा प्रबुद्ध? मला बरोबर ओळखतो यार. माझ्या स्क्रीनवर तीच मेल होती. फक्त दीप्तीच्या जागी जया.

मी अजून साकीनाक्याच्याच ऑफिसात आहे. खाली लेथ मशीन चालू झालं की टेबल अजून थरथरतं. तुझ्या भटकंतीच्या मेल मार्चपासून येतात. मी कुठेही नाव नोंदवलं नव्हतं. दर गुरुवारी बंद करायचं ठरवायची आणि वाचत बसायची. इतक्या वर्षांनी तूच माझं नाव घातलंस, असं धरून चालले होते. त्यातल्या फोटोंत तुझ्या गटातली प्रेमा दिसायची, दर वेळी तुझ्या थोडी जास्त जवळ. ती फोटोत आहे, पत्र मात्र मला येतं, असं मी मनाशी म्हणायची.

दीप्तीचं वाचून झाल्यावर मी त्या मेलला एका ओळीचं उत्तर पाठवलं : माझं नाव यादीत कोणी घातलं? आज प्रेमाने लिहिलं. ‘जयाताई, सॉरी हं! यादी आता मीच सांभाळते. ह्याच्या जुन्या फोनमधले सगळे पत्ते एकदम चढवले, त्यात तुम्ही आलात आणि गॅसवालेही! ह्याला तर माहीतही नाही. तुमचं नाव काढलंय.’ काढ असं मी म्हटलं नव्हतं. आणि ‘ह्याला’ किती सहज लिहिलंय तिने.

मेलची उत्तरं तीच उघडते, म्हणून हे कागदावर, तुझ्या घाटकोपरच्या पत्त्यावर. तिच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. खोटं. पुष्कळ म्हणायचंय, पण ते ऐकायला तू बांधील नाहीस. मागायचं एकच आहे. त्या वर्षी मनोरीला आपली बोट चुकली आणि मी धक्क्यावर गप्प बसून राहिले. तू बाटली पुढे केलीस आणि म्हणालास, तहान लागली की तू बोलत नाहीस. ते मला म्हणाला होतास. बूट, बोटीची वेळ, प्रेमा, सगळं राहू दे. ते वाक्य यादीला पाठवू नकोस.

तुझीच,
जया

ता. क. पाकीट अजून उघडंच होतं. आज गुरुवार. सकाळी मला मेल आली नाही. दीप्तीला आली. त्यात ते वाक्य होतं.